चर्चा-समुदायाचं मोबाइल ॲप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑनलाइन चर्चा-समुदाय चालवणाऱ्यांकडून आणि त्यांच्यासाठी ॲप बांधणाऱ्यांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात. दर वेळी नव्याने टंकण्यापेक्षा उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हे पान. आम्ही स्वतः असं ॲप बांधलं, बिघडवलं आणि दुरुस्त केलं, त्यामुळे काही उत्तरांत आमच्या चुकाही आहेत. क्रमांक दिलेत ते एकीकडून दुसरीकडे जाता यावं म्हणून. सगळं ओळीने वाचायची गरज नाही.

१. आमची वेबसाइट मोबाइलवर व्यवस्थित चालते. मग ॲप हवंच कशाला?

नसेलही हवं. आधी सदस्य परत कसे येतात ते बघा. सवयीने दिवसातून दोनदा चक्कर मारणारे असतील तर तीच मेहनत वेबसाइटवर घ्या. ॲपचा खरा उपयोग होतो तो आपल्याला कोणी उत्तर दिलं हे लगेच कळण्यासाठी, नेट जात-येत असताना वाचन चालू राहण्यासाठी आणि अर्धवट लिहिलेलं जपून राहण्यासाठी. रंग, आयकॉन, सरकणारी पानं हे सगळं वेबवरही जमतं, त्यासाठी ॲप काढू नका.

२. वेबसाइटच होम स्क्रीनवर 'इन्स्टॉल' करता येते म्हणतात. तेवढ्यावर भागेल का?

बऱ्याच समुदायांचं भागतं. याला पीडब्ल्यूए (प्रोग्रेसिव्ह वेब ॲप) म्हणतात. अँड्रॉइडवर ही सोय जुनीच आहे. आयफोनवर अशा वेब-ॲपला नोटिफिकेशन पाठवता येऊ लागलं ते मार्च २०२३ मध्ये, आयओएस १६.४ पासून, आणि तेही सदस्याने साइट होम स्क्रीनवर टाकली असेल तरच. शेअरचं बटण दाबा, खाली सरका, मग 'ॲड टू होम स्क्रीन' निवडा, हे समजावण्यातच निम्मे लोक गळतात. तरीही सुरुवात इथूनच करावी असं माझं मत आहे. नोटिफिकेशन कोणाला, कधी आणि कशाबद्दल पाठवायचं याचा सर्व्हरवरचा विचार एकदा झाला की पुढच्या ॲपला तो आयता मिळतो.

३. वेबसाइट ॲपच्या खोक्यात भरून स्टोअरवर टाकली तर?

अँड्रॉइडवर कदाचित खपून जाईल. ॲपलकडे मात्र 'किमान उपयुक्तता' सांगणारं ४.२ कलम आहे, आणि नुसती गुंडाळलेली वेबसाइट त्याच कलमाखाली परत येते. मधला मार्ग चांगला चालतो: धाग्यांची (म्हणजे एकेका विषयावरच्या चर्चांची) यादी, वाचनाचं पान, लिहिण्याची चौकट आणि नोटिफिकेशन ही चार ठिकाणं अस्सल ॲपसारखी बांधायची, आणि वर्षातून एकदा उघडली जाणारी पानं (नियम, मदत, प्रोफाइलची सेटिंग) वेबव्ह्यूत, म्हणजे ॲपच्या आतच उघडणाऱ्या वेबपानात, ठेवायची.

४. फ्लटर, रिॲक्ट नेटिव्ह की कॉटलिन आणि स्विफ्ट वेगवेगळं?

म्हणजे एकाच कोडमधून दोन्ही फोनांची ॲप बनवणारं साधन घ्यायचं, की अँड्रॉइडसाठी कॉटलिन आणि आयफोनसाठी स्विफ्ट अशा दोन भाषांत दोनदा लिहायचं. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि ॲप चांगलं होणं त्याच्यावर फारसं अवलंबून नसतं. तीन वर्षांनी हे ॲप कोण सांभाळणार आहे? त्या माणसाला जे येतं ते निवडा. एक फरक मात्र लक्षात असू द्या. फ्लटर पडद्यावरचं सगळं स्वतः रंगवतं, तर रिॲक्ट नेटिव्ह फोनचेच घटक वापरतं. आपल्या ॲपचा सगळा जीव मजकुरात आहे. त्यामुळे मजकूर निवडणं, कॉपी करणं, वेगवेगळ्या कीबोर्डांवरून देवनागरी टंकणं आणि टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हरने (पडदा वाचून दाखवणाऱ्या फोनमधल्या सोयींनी) वाचून घेणं हे आधी तपासा. पाचशे प्रतिसादांचा एक खोटा धागा आणि खाली एक लिहिण्याची चौकट एवढंच बांधा आणि हाताशी असेल त्यातल्या सगळ्यात जुन्या फोनवर दिवसभर वापरा. अंदाज येतो.

५. पहिल्या आवृत्तीत काय काय असावं?

वेबसाइटच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००६ मध्ये मांडलेलं ९०-९-१ हे गणित या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे: ढोबळमानाने नव्वद टक्के लोक फक्त वाचतात, नऊ टक्के अधूनमधून लिहितात आणि उरलेला एक टक्का बहुतेक सगळं लिहितो. तुमचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील, पण वाचनमात्र सदस्यच जास्त असणार. ॲप मागणारे, आराखड्यावर मत देणारे आणि चाचणीला येणारे मात्र सगळे त्या एक टक्क्यातले असतात. म्हणून पहिल्या यादीत बॅज, जीआयएफ, मतदान आणि सात रंगांच्या थीम येतात.

माझी यादी छोटी आहे. वाचणं आणि वाचत होतो तिथे परत येणं, प्रतिसाद देणं, आपल्याला आलेल्या उत्तराचं नोटिफिकेशन, शोध. शिवाय तक्रार आणि ब्लॉक, कारण त्यांच्याशिवाय स्टोअर आत घेत नाही (प्र. १६). बाकी सगळं नंतर. खासगी निरोपसुद्धा नंतर.

६. वाचता वाचता ॲपमधून बाहेर गेलं की परत आल्यावर जागा हरवते. का?

३४० प्रतिसादांचा धागा आहे. तुम्ही २१२ व्यावर आहात. फोन वाजतो, पाच मिनिटं बोलून परत येता, तर ॲप धाग्यांच्या यादीवर उभं. माझ्या मते अशा ॲपमधला हा पहिल्या क्रमांकाचा दोष आहे. त्याची कारणं एकाहून जास्त आहेत, आणि एक दुरुस्त केलं की दुसरं दिसू लागतं.

पहिलं कारण म्हणजे मेमरी कमी पडली की अँड्रॉइड मागे गेलेलं ॲप सरळ बंद करतं. उघडलेला धागा आणि जागा डिस्कवर लिहून ठेवली नसेल तर सगळं पुसलं जातं. जागा म्हणून पिक्सेल लिहून ठेवू नका. फॉन्ट मोठा केला की ते पिक्सेल कुठल्या कुठे जातात. पडद्यावरच्या सगळ्यात वरच्या प्रतिसादाचा आयडी आणि तो किती वर सरकला आहे, एवढं पुरतं.

दुसरं कारण सर्व्हरवर असतं. 'पान ८ द्या' अशी मागणी केली आणि मधल्या वेळात संपादकांनी आधीचे चार प्रतिसाद उडवले, तर आठव्या पानावर आता वेगळंच असतं. मधले चार प्रतिसाद तुमच्या नजरेतून निसटतात. धाग्यांच्या यादीत उलट होतं. नवा प्रतिसाद आला की धागा वर येतो, बाकीचे खाली ढकलले जातात आणि एकच धागा दोनदा दिसतो. मागणी पानाच्या क्रमांकाने न करता 'या आयडीच्या पुढचे वीस द्या' अशी केली की दोन्ही थांबतं.

तिसरं कारण चित्रं. वरचं चित्र उतरलं की खालचा मजकूर धाडकन खाली जातो. चित्राची लांबी-रुंदी सर्व्हरनेच मजकुरासोबत पाठवावी, म्हणजे चित्र येण्याआधीच त्याची जागा राखता येते.

आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नवे प्रतिसाद घुसवू नका. 'नवे ६ प्रतिसाद' अशी पट्टी दाखवा, त्याला हवं तेव्हा तो टिचकी मारेल.

७. शेवटी काय झालं ते बघायला झपकन खाली गेलो, तर मधले सगळे प्रतिसाद 'वाचलेले' झाले. हे बरोबर आहे का?

नाही. पोचणं आणि वाचणं वेगळं धरायला हवं. प्रतिसाद पडद्यावर क्षणभर तरी स्थिर राहिला तरच तो वाचला असं माना, सर्रकन गेलेले मोजू नका. फोन आणि टॅबलेट दोन्हींवर वाचणाऱ्यांसाठी 'सलग कुठवर वाचलं' ही खूण सर्व्हरवर ठेवा, आणि दोन उपकरणांचं जमलं नाही तर पुढची खूण खरी माना. 'इथून पुढे न वाचलेलं करा' असं एक बटण असू द्या. थोडेच लोक वापरतील, पण वापरणारे दुवा देतील.

८. अर्धा लिहिलेला प्रतिसाद गायब होतो. उपाय?

आमच्याकडे एका सदस्याने तासभर बसून लिहिलेला प्रतिसाद 'पाठवा' दाबताच उडाला. लॉगिनची मुदत संपली होती. ॲपने त्यांना लॉगिनच्या पानावर नेलं आणि परत आणलं ते कोऱ्या चौकटीसमोर. त्यांनी काही तक्रार केली नाही, पण त्यानंतर त्या बाई बरेच दिवस दोन ओळींपेक्षा जास्त काही लिहीत नव्हत्या. चूक पूर्णपणे आमची होती.

तेव्हापासून नियम असा केला. बोटं एखादा सेकंद थांबली की मसुदा डिस्कवर जातो. प्रत्येक धाग्याचा मसुदा वेगळा. सर्व्हरने 'मिळालं' म्हटल्याशिवाय मसुदा पुसायचा नाही, मग नेट जावो, लॉगिन संपो की ॲप कोसळो. मागे जाताना 'बदल टाकून द्यायचे का?' असं विचारायचं नाही. निमूट जतन करायचं आणि धागा पुन्हा उघडला की तो मजकूर चौकटीत हजर ठेवायचा.

अपवाद एकच अवघड आहे: तुम्ही लिहीत असताना संपादकांनी धागा बंद केला. तेव्हा नुसती 'चूक झाली' अशी सूचना दाखवून भागत नाही. मजकूर कॉपी करता आला पाहिजे, किंवा त्यातूनच नवा धागा काढता आला पाहिजे.

९. एकच प्रतिसाद दोनदा पडतो. बटण लगेच बंद केलं तरी!

बटण बंद करून अधीर बोट थांबतं, अधीर नेटवर्क नाही. प्रतिसाद सर्व्हरवर पोचला, पण पोचल्याचं उत्तर परतताना हरवलं की ॲप भाबडेपणाने पुन्हा पाठवतं. मसुदा जन्माला येतो तेव्हाच त्याला एक अद्वितीय ओळख (यूयूआयडी) द्या आणि ती प्रत्येक प्रयत्नासोबत पाठवा. सर्व्हरने तीच ओळख पुन्हा पाहिली तर नवीन नोंद न करता आधीचीच परत द्यावी. ही ओळख बटण दाबताना तयार करू नका. तसं केलं तर दोनदा दाबल्यावर दोन ओळखी होतात आणि सगळं मुसळ केरात.

१०. नेट नसताना ॲपने काय दाखवावं?

शेवटचं जे होतं ते, आणि वर बारीक अक्षरात ते कधीचं आहे ही वेळ. उघडलेले धागे फोनवरच्या एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवले की पुरतं. पांढऱ्या पानावर तुटलेल्या प्लगचं चित्र काढून काही साधत नाही. नेट नसताना लिहिलेलं 'पाठवायचं आहे' अशा रांगेत ठेवा. फक्त पाठवताना तो धागा अजून उघडा आहे का ते तपासा (प्र. ८ चा शेवट).

११. नोटिफिकेशन येतच नाहीत, किंवा तासाभराने एकदम येतात.

या क्रमाने तपासा. परवानगी आहे का? आयफोन ती पहिल्यापासून विचारतो, अँड्रॉइडही २०२२ च्या १३ व्या आवृत्तीपासून विचारतो. एकदा 'नको' म्हटलं की पुन्हा खिडकी उघडून विचारणं जवळजवळ संपतं. म्हणून ॲप उघडल्या उघडल्या परवानगी मागू नका. सदस्याने पहिला प्रतिसाद दिल्यावर 'याला उत्तर आलं तर कळवू का?' असं विचारा. तेव्हा त्या प्रश्नाला अर्थ असतो.

परवानगी असेल तर टोकन, म्हणजे त्या फोनवरच्या ॲपचा नोटिफिकेशनसाठीचा पत्ता, बघा. ॲप पुन्हा टाकलं की ते बदलतं आणि सर्व्हर जुन्याच पत्त्यावर पाठवत बसतो. त्यानंतर उशीर. अँड्रॉइड ६ पासून फोन निपचित पडला की 'डोझ'मध्ये जातो आणि साध्या प्राधान्याचे निरोप अडवून ठेवून एकगठ्ठा सोडतो. थेट आपल्याला उद्देशून आलेलं उत्तर वरच्या प्राधान्याने पाठवा, 'या आठवड्यातले धागे' असल्या गोष्टी साध्या. सगळंच वरच्या प्राधान्याने पाठवलं तर यंत्रणा तुमचं प्राधान्य खाली आणते. याउपर काही फोन-कंपन्यांची बॅटरी वाचवण्याची स्वतःची धोरणं असतात. तिथे सदस्यालाच सेटिंग बदलायला सांगावं लागतं.

नोटिफिकेशनमध्ये अख्खा प्रतिसाद कोंबू नका. ॲपल आणि गूगल दोन्हींकडे मर्यादा साधारण ४ केबीची आहे, आणि देवनागरीत ती लवकर भरते (प्र. १४).

१२. उलट तक्रार: नोटिफिकेशनचा भडिमार होतो.

गरम धाग्यावर दर प्रतिसादाला फोन वाजला की लोक त्या धाग्याचं नोटिफिकेशन बंद करत नाहीत, ॲपचंच बंद करतात. एका धाग्याची एकच सूचना ठेवा आणि तीच अद्ययावत करा, 'आणखी ७ प्रतिसाद' अशी. सदस्याने धागा उघडून पाहीपर्यंत दुसऱ्यांदा आवाज करू नका. अँड्रॉइडवर चॅनल (नोटिफिकेशनचे वेगवेगळे चालू-बंद करता येणारे प्रकार) वेगळे ठेवा: थेट उत्तर, उल्लेख, पाळत ठेवलेले धागे, बाकीचं. मूळ सेटिंगमध्ये फक्त पहिले दोन चालू.

१३. शोधात 'ॲप' टाकलं तर निम्मेच धागे मिळतात. शोध बिघडलाय का?

शोध ठीक आहे, 'ॲप' तीन आहेत. कोणी ॲ हे एकच चिन्ह वापरतं (ते युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या लिपिचिन्हांच्या जागतिक यादीत, २००८ साली आलं), कोणाचा कीबोर्ड अ आणि अर्धचंद्र अशी दोन चिन्हं टाकतो, कोणाचा या दोघांत एक अदृश्य जोडचिन्हही घालतो. पडद्यावर तिन्ही सारखेच. 'दुसऱ्या'चंही तेच: कोणी ऱ घेऊन लिहितं, कोणी साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. युनिकोडचं ठरलेलं सामान्यीकरण (समान रूपं एक करण्याचे नियम) लावूनही हे एकत्र येत नाहीत, ते काम आपल्यालाच करावं लागतं.

सदस्याचा मजकूर होता तसाच ठेवा, त्याला हात लावू नका. शोधासाठी वेगळा स्तंभ करा. त्यात अदृश्य चिन्हं काढून टाका, अ-अर्धचंद्राचा ॲ करा, ऱ चा र करा. शोधशब्दालाही तेच संस्कार द्या. परिणाम असा की 'दऱ्या' शोधणाऱ्याला 'दर्या'ही सापडेल. डोंगरवाल्याला समुद्र मिळाला तर तो हसेल, काहीच न मिळण्यापेक्षा ते परवडलं.

ऱ्हस्व-दीर्घ एक करण्याबाबत मात्र मी जपून असतो. 'दिन' आणि 'दीन' एकाच टोपलीत टाकायचे तर निकालांच्या दुसऱ्या फळीत टाका, आधी तंतोतंत जुळणारे दाखवा. विभक्तीचा प्रश्न वेगळाच आहे. 'पुस्तक' शोधल्यावर 'पुस्तकाचं' मिळावं म्हणून शब्दाच्या सुरुवातीशी जुळवणी पुरते, पण 'पाणी' शोधल्यावर 'पाण्याचं' त्याने मिळत नाही. तिथे सामान्यरूपांचे नियम लिहावे लागतात. पहिल्या वर्षी त्यात पडू नका.

१४. शीर्षकाची मर्यादा ६० अक्षरं ठेवली आहे, तरी लोक म्हणतात चाळीसच मावतात. आणि इमोजी टाकला की पुढचा मजकूर कापला जातो.

दोन वेगळे दोष आहेत, मूळ एकच: अक्षर म्हणजे काय हे संगणकाने आपल्याला विचारलेलं नाही. 'क्षि' आपल्याला एक अक्षर दिसतं. युनिकोडमध्ये ती चार चिन्हं आहेत (क, हलन्त, ष, ऱ्हस्व वेलांटी) आणि यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत बारा बाइट. मर्यादा मोजायची ती डोळ्याला दिसणाऱ्या अक्षरगटांत. आणि लायब्ररी तपासून घ्या. जोडाक्षर एकत्र धरण्याचा नियम युनिकोडच्या मूळ मोजणीत २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. त्याआधीच्या लायब्ररीत 'क्ष'चे दोन तुकडे होतात, आणि यादीत शीर्षक कापलं की शेवटी लोंबकळणारा 'क्' दिसतो.

इमोजीचा दोष बहुतेक वेळा मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये सापडतो. तिथली जुनी 'यूटीएफ८' मांडणी अक्षराला तीनच बाइट देते. देवनागरी तीन बाइटांत बसते म्हणून वर्षानुवर्षं काही कळत नाही. इमोजीला चार लागतात. डेटाबेस ढिलाईने चालवलेला असेल तर तो पहिल्या इमोजीपाशी मजकूर कापून पुढचा फेकून देतो. 'यूटीएफ८एमबी४' वर जा, आणि आधी बॅकअप घ्या.

१५. काही फोनवर वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात.

ओळीची उंची रोमन लिपीच्या मापाने ठेवली आहे. 'वर्षीं' लिहून बघा: रफार, वेलांटी आणि अनुस्वार सगळे डोक्यावर. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट ठेवा आणि बटणांना, चौकटींना ठरावीक उंची देऊ नका. अँड्रॉइड १४ मध्ये अक्षर २०० टक्क्यांपर्यंत मोठं करता येतं. त्या मापावर ॲप एकदा तरी चालवून पाहा, आमच्याकडे 'पाठवा'चं बटण पडद्याबाहेर गेलं होतं.

१६. स्टोअरने ॲप नाकारलं. चर्चेच्या ॲपला काही वेगळे नियम असतात का?

असतात. सदस्य मजकूर लिहितात अशा ॲपसाठी ॲपलचं १.२ कलम आहे: आक्षेपार्ह मजकूर गाळण्याची सोय, तक्रारीची सोय आणि तिला वेळेत उत्तर, त्रास देणाऱ्याला ब्लॉक करण्याची सोय, आणि संपर्काचा पत्ता उघड. गूगलही तक्रार आणि ब्लॉक ॲपच्या आतच मागतं, आणि लिहिण्याआधी सदस्याने नियम मान्य केलेले हवेत. 'आमच्याकडे संपादक आहेत, ते बघतात' हे उत्तर चालत नाही, बटण दिसलं पाहिजे.

नकाराचं आणखी एक कारण इतकं साधं की लाज वाटते: तपासणाऱ्याला आत जाताच आलं नाही. चालू असलेलं चाचणी खातं आणि पासवर्ड अर्जासोबत द्या. त्या खात्याला नव्या सदस्यांची 'मंजुरी बाकी' ही अट लागू नाही ना, ते बघा.

१७. ब्लॉक केलेल्या सदस्याचे प्रतिसाद पूर्ण लपवायचे का?

पूर्ण लपवले तर चर्चा कळेनाशी होते, लोक हवेत उत्तरं देत आहेत असं वाटतं. आम्ही तिथे 'तुम्ही ब्लॉक केलेल्या सदस्याचा प्रतिसाद' अशी एक करडी ओळ ठेवतो, टिचकीने उघडणारी. पण नोटिफिकेशन, उल्लेख आणि खासगी निरोप यांत मात्र पूर्ण बंदी. विसरला जाणारा कोपरा म्हणजे तिसऱ्या माणसाने दिलेला उतारा, त्यातून ब्लॉक केलेला मजकूर मागच्या दाराने येतो. उतारा मूळ प्रतिसादाशी जोडलेला ठेवला तर तोही झाकता येतो. ब्लॉक केल्याचं समोरच्याला कळवू नका.

१८. सदस्याने खातं बंद केलं तर त्याच्या जुन्या प्रतिसादांचं काय?

खातं ॲपमधूनच काढता येणं ॲपलने ३० जून २०२२ पासून सक्तीचं केलं. गूगलला त्याशिवाय वेबवरचा दुवाही लागतो, म्हणजे ॲप काढून टाकलेल्यालाही मागणी करता यावी. ईमेल, टोकन, प्रोफाइल, मसुदे हे सगळं खरोखर पुसा. प्रतिसादांबाबत आम्ही दोन पर्याय देतो: नाव काढून 'माजी सदस्य' म्हणून ठेवणं, किंवा मजकूरही पुसून रिकामी जागा ठेवणं. इतरांनी दिलेल्या उताऱ्यांत त्याचं नाव उरतं, तेही बदलावं लागतं (उतारे जोडलेले असतील तर सोपं, प्र. १७). बॅकअपमधून ते किती दिवसांनी जातं, हे बटणाच्या वरच लिहा.

१९. सदस्यांनी टाकलेल्या फोटोंबद्दल काही काळजी घ्यायची का?

हो, आणि पहिल्या दिवसापासून. फोनने काढलेल्या फोटोच्या पोटात अनेकदा जागेचे अक्षांश-रेखांश असतात. टोपणनावाने लिहिणाऱ्या माणसाने खिडकीतल्या मांजराचा फोटो टाकला की त्याच्या घराचा पत्ता जगजाहीर. ही माहिती फोटो चढवतानाच काढून टाका. एक मेख आहे: फोटो उभा की आडवा हेही त्याच माहितीत असतं. आधी फोटो सरळ फिरवून घ्या, मग माहिती पुसा. आम्ही उलट क्रमाने केलं आणि आठवडाभर सगळी मांजरं भिंतीवर चढलेली होती.

२०. चाचणी कोणाकडून करून घ्यावी?

गूगलच्या स्टोअरवर १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या ॲप बनवणाऱ्याच्या वैयक्तिक खात्याला ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जण सलग १४ दिवस बंद चाचणीत ठेवावे लागतात (आधी हा आकडा २० होता). ॲपलच्या टेस्टफ्लाइटमध्ये बाहेरचे १०,००० पर्यंत चालतात आणि प्रत्येक आवृत्ती ९० दिवसांनी संपते. आकडा भरायला फक्त उत्साही मंडळी घेऊ नका. त्यात दोन-तीन वाचनमात्र सदस्य, एक मोठ्या अक्षरांत वाचणारा आणि एक पडदा ऐकून वापरणारा असावा. त्यांना 'काय वाटलं?' असं विचारू नका. 'काल वाचत होतात तो धागा उघडून दाखवा' म्हणा, आणि गप्प बसा.

२१. नवी आवृत्ती बिघडली. मागे घेता येते का?

नाही. ज्यांच्याकडे गेली त्यांच्याकडे गेली. गूगलवर टक्केवारीने सोडता येते आणि मध्येच थांबवता येते. ॲपलवर टप्पे ठरलेले आहेत, सात दिवसांत १, २, ५, १०, २०, ५० आणि १०० टक्के, आणि तेही आपोआप अपडेट होणाऱ्यांसाठी, कारण स्वतःहून कोणीही कधीही घेऊ शकतो. दुरुस्ती म्हणजे वरच्या क्रमांकाची नवी आवृत्तीच. म्हणून नव्या सोयीला सर्व्हरवरून बंद करता येणारी कळ ठेवा. गूगलच्या नजरेत वाईट ठरण्याची वेसही माहीत असू द्या: वापरणाऱ्याला जाणवेल असं कोसळणं १.०९ टक्के, आणि गोठून राहणं ०.४७ टक्के.

२२. काही सदस्य दोन वर्षं जुनीच आवृत्ती वापरतात. जबरदस्तीने बदलायला लावावं का?

सुरक्षेचं कारण असेल तरच. एरवी जुन्या ॲपला समजणारी उत्तरं सर्व्हर देत राहिला पाहिजे: नवी क्षेत्रं (उत्तरातले माहितीचे रकाने) वाढवा, जुनी काढू नका, अर्थ बदलू नका. जुन्या फोनवाल्याला नवी आवृत्ती मिळतच नसेल, तर त्याला निदान वाचता येऊ द्या. सक्ती करायचीच तर चौकटीतला मसुदा आधी जतन करा.

२३. सदस्यांच्या सूचना शेकड्याने येतात. कोणती ऐकायची?

दुखणं ऐका, औषध त्यांचं घेऊ नका. 'गडद थीम द्या' म्हणणारे बहुतेक खरंच गडद थीम मागतात, ती द्या. पण 'बुकमार्क द्या' म्हणणाऱ्या चौघांशी बोललो तेव्हा कळलं की त्यांची वाचनाची जागा हरवत होती (प्र. ६). ती दुरुस्त केल्यावर बुकमार्कचं नाव कोणी काढलं नाही. स्टोअरवरच्या एक-तारा शेऱ्यांना उत्तर द्या, वाद घालू नका.

२४. समुदायाच्या लिंकवर टिचकी मारली की ॲपऐवजी ब्राउझर उघडतो. आणि नोटिफिकेशनवरून गेलो तर 'सापडलं नाही'.

पहिल्याचं कारण बहुधा डोमेनवरची ओळख पटवणारी फाइल, म्हणजे हे ॲप याच साइटचं आहे हे सांगणारी. ॲपल आणि गूगल दोघांना ती ठरलेल्या जागी, एचटीटीपीएसवर लागते, आणि पुनर्निर्देशन केलेलं चालत नाही. अँड्रॉइडवर त्या फाइलीतला सहीचा ठसा (ॲपवरच्या डिजिटल सहीची खूण) स्टोअरच्या सहीचा हवा, तुमच्या संगणकावरच्या सहीचा नव्हे. चाचणीत चालतं आणि स्टोअरवरून घेतलं की बंद पडतं ते यामुळेच.

दुसऱ्यात दोष नसेलही. प्रतिसाद आला, नोटिफिकेशन गेलं, तुम्ही बघेपर्यंत संपादकांनी तो उडवला. अशा वेळी रिकामं पान न दाखवता धागा उघडा, त्या प्रतिसादाच्या जागेपाशी नेऊन ठेवा, आणि तिथे लिहा: 'हा प्रतिसाद काढला आहे.' फोनवर पडून असलेलं नोटिफिकेशनही सर्व्हरवरून मागे घ्यायचा प्रयत्न करा. बंद फोनवर ते जमत नाही, तिथे वरची ओळच कामी येते.